झेल सुटला, फलंदाज मात्र बाद

५ ऑक्टोबर २०१२, अटलांटाचं टर्नर फील्ड. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधल्या नॅशनल लीगचा वाइल्ड कार्ड सामना, म्हणजे गटविजेते नसलेल्या दोन संघांची बाद फेरीतली लढत, आणि तोही एकाच लढतीत निकाल लावणारा. ही पद्धत त्याच वर्षी सुरू झाली होती. वर्षभर १६२ सामने खेळायचे आणि एका संध्याकाळी हरलं की बॅगा भरायच्या. आदल्या वर्षीचे विजेते सेंट लुईस कार्डिनल्स ६-३ असे पुढे होते. नऊपैकी आठव्या डावात यजमान अटलांटा ब्रेव्हजची फलंदाजी चालू होती, एक जण बाद झालेला (तीन बाद की डाव संपतो), पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, धावपटू. आंद्रेल्टन सिमन्सने चेंडू उडवला. फटक्यात जोर फारसा नव्हता, पण उंची भरपूर होती. चेंडू डावीकडे, इनफील्डची, म्हणजे बेसभोवतालच्या आतल्या मैदानाची, माती संपून गवत सुरू होतं त्याच्याही बराच मागे, कोणाच्याच हक्काच्या नसलेल्या पट्ट्यात उतरू लागला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा इनफील्डर, म्हणजे शॉर्टस्टॉप, पीट कोझमा मागे धावला. कुंपणाच्या बाजूने लेफ्ट फील्डर (बाहेरच्या मैदानातला डावीकडचा क्षेत्ररक्षक) मॅट हॉलिडे पुढे येत होता. कोझमा वळला, चेंडूखाली स्थिरावल्यासारखा दिसला, हात वर केले. आणि मग शेवटच्या क्षणी अंग चोरून बाजूला झाला. चेंडू दोघांच्या मध्ये गवतावर पडला. स्टेडियममध्ये एकच जल्लोष उठला. उठणारच, कारण तिन्ही बेस भरले होते, बाद एकच जण होता आणि बरोबरीची धाव पहिल्या बेसवर उभी होती.

निदान पन्नास हजार प्रेक्षकांना तरी तसं वाटलं. चेंडू जमिनीला लागण्याच्या जेमतेम आधी लेफ्ट फील्डच्या रेषेवरचे पंच सॅम होलब्रुक यांनी हात वर केला होता. हा ‘इनफील्ड फ्लाय’चा इशारा. तो झाला की झेल घेतला काय आणि सोडला काय, फलंदाज बाद. धावपटू एकेक बेस पुढे सरकले ते ग्राह्य धरलं गेलं, पण हिशेब बदलला: दोन बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू.

या प्रसंगावर आजवर जो वाद झाला तो बहुतेक अंतराचा आहे. त्या वेळच्या बातम्यांत फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटपासून सुमारे सव्वादोनशे फूट असा अंदाज दिला गेला, आणि ‘एवढ्या लांब इनफील्ड फ्लाय कसला?’ हा प्रश्न अटलांटात अजूनही विचारला जातो. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. नियमपुस्तिकाच सांगते की गवताची कड किंवा बेसच्या रेषा अशी ठरावीक हद्द लावून हा निर्णय करायचा नाही. इनफील्डरला तो झेल साधारण प्रयत्नांत घेता आला असता का, एवढंच पाहायचं. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट आहे ती निरोपांची. त्या पाच-सहा सेकंदांत मैदानावर किमान चार निरोप फिरत होते, आणि त्यातला एकही ज्याच्यासाठी होता त्याला वेळेत पोचला नाही. त्यातला एक तर भलत्याच माणसाने वाचला.

आधी क्षेत्ररक्षकांचं. उंच उडालेल्या चेंडूखाली दोन किंवा तीन जण जमण्याचा धोका असतो, म्हणून बेसबॉलमध्ये त्याची रीत अगदी शाळेच्या संघापासून घोटून घेतली जाते. झेल कोणाचा, हे आवाजाने ठरतं. ज्याला खात्री आहे त्याने मोठ्याने ओरडायचं, एकदा नव्हे, दोन-तीनदा. बाकीच्यांनी त्याला वाट द्यायची. दोघं ओरडले तर अग्रक्रम ठरलेला आहे: आउटफिल्डर, म्हणजे बाहेरच्या मैदानातला क्षेत्ररक्षक, इनफील्डरच्या वरचढ, कारण तो पुढे धावत येतो, चेंडू आणि मैदान दोन्ही त्याच्या नजरेसमोर असतं, मागे धावणाऱ्या शॉर्टस्टॉपला पाठीमागचं काहीच दिसत नाही. म्हणून शॉर्टस्टॉपला शिकवलेलं असतं की मागे जात राहा, पण मागून आवाज आला की तत्काळ बाजूला हो. ‘ऐकू आलं का?’ असं विचारायला वेळ नसतो. संशय आला तरी सोडायचं.

ही शिस्त एवढी कडक का, ते पाहायचं असेल तर ११ ऑगस्ट २००५चा सॅन डिएगोतला प्रसंग पुरेसा आहे. न्यूयॉर्क मेट्सचे कार्लोस बेल्ट्रान आणि माइक कॅमरन, दोघेही नावाजलेले सेंटर फील्डर, त्या वर्षी शेजारी शेजारी खेळत होते. एकाच चेंडूसाठी दोघांनीही समोरासमोर सूर मारला. कॅमरनच्या नाकाचं आणि गालांचं हाड मोडलं, मोसम तिथेच संपला. दोघांपैकी कोणी आळशी नव्हता, कोणी बेफिकीर नव्हता. दोघंही चेंडूकडे बघत होते, एवढंच. जो खेळाडू असे प्रसंग पाहून मोठा झाला आहे तो मागून पावलं आल्याचा भास झाला तरी झेल सोडेल, आणि त्याचा प्रशिक्षक त्याला फारसं बोलणार नाही.

आता यात आवाजाची अडचण मिसळा. बाद फेरीचा सामना, आठवा डाव, घरचा संघ तीन धावांनी मागे आणि दोन धावपटू बेसवर. अशा वेळी चेंडू उडाला की प्रेक्षक उभे राहतात आणि जो गलका होतो त्यात शब्द ऐकू येत नाहीत. माणूस ओरडला हे कळतं, कोण ओरडला हे कळत नाही. म्हणूनच खेळाडू हातांची जोड देतात: दोन्ही हात वर करून हलवणं म्हणजे ‘माझा आहे, लांब राहा’. पण हातांची एक मर्यादा उघड आहे. ते पाहावे लागतात. कोझमाचे हात हॉलिडेला दिसले असतील; हॉलिडेचं काहीही कोझमाला दिसणं शक्य नव्हतं, कारण त्याची नजर वर होती आणि हॉलिडे त्याच्या पाठीशी. म्हणजे त्या जोडीत एका बाजूने डोळ्यांचा मार्ग खुला होता आणि दुसऱ्या बाजूने फक्त कानांचा, आणि कान त्या गोंगाटात निकामी.

शिवाय ही जोडी जुनी नव्हती. कार्डिनल्सचा नेहमीचा शॉर्टस्टॉप राफाएल फर्काल ऑगस्टच्या अखेरीस कोपराच्या दुखापतीने बाहेर गेला होता आणि कोझमा त्याच्या जागी आला होता. म्हणजे हॉलिडेच्या पुढ्यात त्याने जेमतेम महिनाभर क्षेत्ररक्षण केलं होतं. जुन्या जोड्यांमध्ये बरंच काही न बोलता ठरतं. हा किती मागे येतो, तो किती लवकर ओरडतो, याचा आवाज कसा आहे, सगळं अंगवळणी पडलेलं असतं. महिनाभरात ते होत नाही. या तपशिलाकडे वादात फारसं कोणी लक्ष दिलं नाही, याचं मला नवल वाटतं.

सामन्यानंतर कोझमाने दोष स्वतःकडे घेतला: आपण चेंडूखाली होतो, नजर हटली, झेल घ्यायलाच हवा होता, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. तो बाजूला का झाला याबद्दल तर्क पुष्कळ झाले. त्यातला एक असा की त्याने मागून आलेला पंचांचा आवाज ऐकला आणि तो हॉलिडेचा समजला. हे सिद्ध झालेलं नाही आणि होणारही नाही, पण अशक्य म्हणून उडवून लावण्यासारखंही नाही. पंचाने हा निर्णय हात वर करून आणि तोंडाने पुकारून असा दोन्ही प्रकारे द्यायचा असतो. होलब्रुक कोझमाच्या मागच्या अंगालाच होते. पाठीमागून एखादा माणूस ओरडला तर शॉर्टस्टॉपने काय करायचं, हे आपण वर पाहिलंच.

आता पंचांकडे येऊ, कारण प्रकरणाचा गाभा तिथे आहे. इनफील्ड फ्लायचा नियम १८९५ पासूनचा. कारण सोपं होतं. बेसवर धावपटू असताना सोपा झेल इनफील्डर मुद्दाम पाडायचे. झेल घेतला जाणार म्हणून धावपटू बेसला चिकटून उभे. चेंडू पडला की मागून येणाऱ्या फलंदाजाला जागा देण्यासाठी त्यांना पळणं भाग. आणि तेवढ्यात एकाऐवजी दोन बाद. ही चलाखी थांबवण्यासाठी ठरलं की असा झेल उडाला की पंचाने तत्काळ पुकारा करायचा, फलंदाज बाद धरायचा, म्हणजे धावपटूंवर पळण्याची सक्ती उरत नाही. नियमातच म्हटलं आहे की हा पुकारा धावपटूंच्या सोयीसाठी आहे. म्हणजे हा नियम म्हणजे मुळात एक सूचना आहे, आणि सूचनेचं सगळं मोल ती केव्हा मिळते यात आहे. चेंडू हवेत असताना मिळाली तर धावपटू सुटकेचा श्वास टाकतो. चेंडू पडता पडता मिळाली तर तिचा त्याला काडीचा उपयोग नाही, कारण त्याने तोवर आपलं ठरवून टाकलेलं असतं.

मग होलब्रुक यांनी इतका उशीर का केला? सामन्यानंतर त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं: शॉर्टस्टॉप मागे गेला, चेंडूखाली आला, साधारण प्रयत्नांत झेल घेईल अशा स्थितीत दिसला, म्हणून पुकारा केला. हे प्रामाणिक उत्तर आहे आणि त्यातच सगळं काही आहे. पंच चेंडूचं अंतर मोजत नव्हते, ते कोझमाची देहबोली वाचत होते. तो धावतोय तोवर प्रयत्न साधारण म्हणता येत नाही. तो वळला, पाय रोवले, हात वर केले, की मग झेल सोपा ठरतो. पंचांना तसंच शिकवलेलं असतं: क्षेत्ररक्षक स्थिरावेपर्यंत थांबा. आखूड अंतरावरच्या झेलात तो दोन सेकंदांत स्थिरावतो आणि पुकाऱ्याला पुरेसा वेळ उरतो. एवढ्या लांबच्या झेलात तो स्थिरावेपर्यंत चेंडू खाली आलेला असतो.

कोझमाने हात वर केले ते हॉलिडेसाठी. ‘माझा आहे’ हा सहकाऱ्याला दिलेला निरोप होता, आणि तोही कच्चा, पुढच्याच क्षणी मागे घेतलेला. पंचांनी तो साक्ष म्हणून वाचला: हा म्हणतोय माझा आहे, त्या अर्थी झेल सोपा आहे. क्रिकेटमध्ये दोन क्षेत्ररक्षक एका झेलाखाली येऊन एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. इथे त्या गोंधळात तिसरा माणूस त्याच हातवाऱ्यांवरून निकाल देत होता. खेळाडूने निरोप मागे घेतला. पंचाला तसं करता येत नाही. वर गेलेला हात वरच राहिला.

जागेचाही प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगतो. नेहमीच्या मोसमी सामन्यात चार पंच असतात. बाद फेरीत सहा, म्हणजे लेफ्ट फील्ड आणि राइट फील्डच्या रेषांवर एकेक जास्तीचा. एरवी हा पुकारा इनफील्डमधल्या चौघांपैकी कोणाकडून तरी येतो आणि धावपटू, बेसजवळचे प्रशिक्षक, फलंदाज या सगळ्यांची नजर सवयीने तिथेच असते. सहावा माणूस कोपऱ्यात हात वर करून उभा आहे, हे पाहण्याची कोणाला सवयच नाही. बाद फेरीत अचूकतेसाठी डोळे वाढवले, पण हे जादा डोळे बोलू लागले तर ऐकायचं कोणी आणि कुठे बघून, हे मात्र ठरलेलं नव्हतं असं दिसतं.

त्यापुढचं चित्र टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. प्रेक्षकांचा जल्लोष विरतो, काय झालं ते कळत नाही, ब्रेव्हजचे व्यवस्थापक फ्रेडी गोन्झालेझ पंचांकडे धाव घेतात. बाटल्या, कप, डबे मैदानात येऊ लागतात. कार्डिनल्सच्या खेळाडूंना मैदान सोडावं लागलं. खेळ १९ मिनिटं थांबला. प्रेक्षकांच्या वागण्याचं समर्थन नाहीच. पण त्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये पंच मायक्रोफोनवरून निर्णय आणि त्याचं कारण सांगतो. बेसबॉलचे पंच तेव्हा फक्त हातवारे करत. ‘बाद’ची मूठ, ‘सेफ’चे पसरलेले हात, हे शंभर वर्षांत सगळ्यांना पाठ झालेले इशारे. इनफील्ड फ्लायचा वर गेलेला हात मात्र वर्षातून मोजक्या वेळा दिसतो, आणि तो कोपऱ्यात असेल तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला तो दिसतही नाही. त्याने पाहिलं ते एवढंच: चेंडू पडला, आणि तरी बाद दिलं.

गोन्झालेझ यांनी निषेध नोंदवून सामना पुढे खेळला. मेजर लीगचे अधिकारी जो टोरे मैदानात हजर होते. त्यांनी तो तिथल्या तिथे फेटाळला. कारण दिलं ते नियमाला धरूनच: पंचाचा अंदाज चुकला असं म्हणून तेव्हा निषेध करता येत नसे, नियम चुकीचा लावला तरच करता येई. ‘साधारण प्रयत्न’ हा अंदाजाचा भाग. ‘तत्काळ’ या शब्दावर मात्र युक्तिवाद करायला जागा होती, असं मला वाटतं. तत्काळ म्हणजे चेंडू उडाल्यापासून तत्काळ, की पंचाची खात्री पटल्यापासून? पंच दुसरा अर्थ धरतात. धावपटूला पहिलाच उपयोगी आहे.

त्याच सामन्यात अशाच जातीचा दुसरा प्रसंग घडला होता, तो मात्र ब्रेव्हजच्या फायद्याचा. दुसऱ्या डावात ब्रेव्हजचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) डेव्हिड रॉस फलंदाजी करत असताना कार्डिनल्सचा पिचर (चेंडू टाकणारा) काइल लोशे चेंडू टाकण्याच्या बेतात असताना रॉसने वेळ मागितली. पंचांनी ती अगदी शेवटच्या क्षणी दिली. तोवर चेंडू निघालेला, रॉसने बॅट फिरवली आणि तो हुकला. वेळ दिलेली असल्याने तो चेंडू मोजलाच गेला नाही. त्यानंतर रॉसने दोन धावांचा होमरन मारला. इथेही पंचाचा वर गेलेला हात, इथेही उशीर, इथेही पिचरला तो दिसला की नाही हा प्रश्न. यावर बाटल्या पडल्या नाहीत, आणि नंतर याची आठवणही फारशी निघत नाही. फायदा झालेल्या बाजूला उशिरा आलेला इशारा खटकत नाही.

निकालाबद्दल. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर ब्रायन मॅकॅन बदली फलंदाज म्हणून आला आणि त्याला वॉक मिळाला (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट पहिला बेस), म्हणजे तिन्ही बेस भरले ते भरलेच. फरक एका बादचा होता. मायकल बोर्न तीन स्ट्राइकवर बाद झाला आणि डाव संपला. नवव्या डावातही ब्रेव्हजचे दोन धावपटू बेसवर होते, पण सामना ६-३ असाच संपला. ब्रेव्हजचा दिग्गज खेळाडू चिपर जोन्स याच्या कारकिर्दीतला हा शेवटचा सामना. ‘त्या निर्णयाने आमचा मोसम घालवला’ हे म्हणणं मला पटत नाही. ब्रेव्हजनी त्या दिवशी क्षेत्ररक्षणात तीन चुका केल्या होत्या, त्यातली एक चिपरचीच थ्रो होती. एका बादची किंमत मोठी होती हे मान्य, पण तिच्या आधीचा हिशेबही मोठाच होता. कोझमाने त्यानंतर आठवडाभरातच वॉशिंग्टनमध्ये नॅशनल्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात नवव्या डावात दोन धावा मिळवून देणारा फटका मारला, पण अटलांटात त्याचं नाव निघतं ते त्या सुटलेल्या झेलासाठीच.

या प्रकरणातून संघांना काय घेता येईल? क्षेत्ररक्षणाच्या बाजूने माझं मत स्पष्ट आहे: नवा शॉर्टस्टॉप आला की त्याच्याकडून आउटफिल्डरबरोबर मधल्या पट्ट्यातल्या झेलांचा सराव करून घ्यायचा, आणि तो कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. रिकाम्या मैदानावर सगळेच एकमेकांचं ऐकतात. हात वर करण्याचा इशारा इनफील्डरने खात्री झाल्यावरच द्यावा. मागे धावताना सवयीने हात वर जातात, ती सवय मोडावी लागते. पंचांच्या बाजूने प्रश्न अवघड आहे. लवकर पुकारा करावा तर झेल कठीण निघण्याचा धोका, थांबावं तर पुकारा निरर्थक. एक भूमिका घेता येते: पुकारा वेळेत करणं शक्य नसेल, तर तो करूच नये. एवढ्या लांब पडलेल्या चेंडूवर दोन बाद करणं इनफील्डरला तसंही सोपं नसतं, म्हणजे ज्या चलाखीपासून धावपटूला वाचवायचं ती चलाखीच तिथे फारशी शक्य नसते. नियमाचा हेतू पाहिला तर त्या संध्याकाळी हात खाली राहिला असता तरी चाललं असतं.

त्यानंतर बेसबॉलमध्ये निरोपांची साधनं बरीच बदलली. २०१४ मध्ये व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची व्यवस्था विस्तारली, पण इनफील्ड फ्लाय तिच्या कक्षेबाहेरच ठेवला गेला. २०२२ मध्ये कॅचर आणि पिचरच्या बोटांच्या खाणाखुणांना पर्याय म्हणून पिचकॉम आलं, बटण दाबलं की पिचरच्या टोपीत आवाज. त्याच वर्षीपासून पंच तपासणीचा निकाल मायक्रोफोनवरून सांगू लागले. आउटफिल्डर आणि शॉर्टस्टॉप यांच्यामध्ये मात्र अजूनही घशातला आवाज आणि दोन हात एवढंच आहे, आणि इनफील्ड फ्लायचा पंच अजूनही हात वर करून ओरडतो.